प्रांजलच्या वाटणीचं अंडं

आटपाडीच्या पूर्वेला जो माळ पसरला आहे, तिथे पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि बहुतेक वेळा उंबऱ्यावरूनच परत जातो. त्या माळावर हरणाबाईचे घर आहे. घर सिमेंटचे झाले, चुलीशेजारी गॅस आला, मुलगा शहराला गेला. पण घरातला एक नियम जागचा हलला नाही. जितराब आधी, माणूस मागनं. मेंढरांच्या तोंडाला चारा लागल्याशिवाय माणसाने तोंडात तुकडा घालायचा नाही. हरणाबाई हा नियम आईच्या दुधाबरोबर प्याली होती. कळप हाच धनगराचा देव्हारा, आणि देवाच्या आधी कोण जेवतो?

तिचा जन्मही वाटेवरचा. कळप घाटाकडे निघाला होता, मेढा गावाच्या अलीकडे कापणी झालेल्या एका भाताच्या रानात मुक्काम पडला होता, आणि तिथे मेंढरांच्या उबेला तिची आई बाळंत झाली. पुढे मोठा दुष्काळ आला. त्या दुष्काळात तिच्या पाठचा भाऊ सिद्धू रांगत होता. मदतीच्या धान्याच्या कण्या मिळत. आई त्या शिजवी, दाट भाग गाभण मेंढ्यांना घाली आणि वरचे पाणी सिद्धूला पाजी. मेंढ्या जगल्या. सिद्धूही जगला. त्याला हातपाय आले, मिशा आल्या, गालावर हसू आले. पण मीठ आणायला पाठवला तर लिंबाचा पाला घेऊन यायचा, आणि आपल्या मेंढ्या कुठल्या नि दुसऱ्याच्या कुठल्या हे त्याला मरेपर्यंत उमगले नाही. लोक म्हणत, देवाचं माणूस हाय. हरणाबाई त्याला घास भरवताना मनात विचारी: देवा, तुझं माणूस तू असं अर्धं का रे पाठवलंस? देवाने उत्तर दिले नाही. सिद्धू तापाने गेला, आणि तो प्रश्न तिच्या पदराला तसाच गाठ मारलेला राहिला.

तिचा नवरा कोंडीबा हे सगळे जाणून होता. लग्नाआधीपासून तो त्याच कळपांबरोबर हिंडलेला. ओढा आला की सिद्धूला खांद्यावर घेऊन पार करायचा. उंच, सडसडीत, गळ्याचा गोड. बिरोबाच्या ओव्या म्हणू लागला की म्हाताऱ्यांच्याही डोळ्यांना धारा लागत. चाळीस वर्षांच्या संसारात त्याने हरणाबाईवर हात उगारला नाही, दारूला शिवला नाही. असा माणूस. म्हणूनच ही कथा सांगताना जीभ जड होते. परक्याने फसवले तर माणूस शिव्या देऊन मोकळा होतो. आपल्याने फसवले तर शिवी कुणाला द्यायची?

मुलगा तानाजी कुपवाडला ओतकामाच्या कारखान्यात, सून सोनिया तिथेच एका लहान कारखान्यात पॅकिंगला. दोघांच्या पाळ्या उलटसुलट, खोली एकच, तीही पत्र्याची. म्हणून त्यांची लेक प्रांजल दूध सुटल्यापासून आजी-आजोबांपाशी वाढत होती. चार वर्षांची झाली तरी अंगाने तीन वर्षांची दिसे. डोळे मोठे, पाणीदार, आणि तोंडात शब्द मोजके: आजी, पाणी, बाय. त्यापुढे बोटाने दाखवायचे, नाहीतर गप्प बसायचे.

गावच्या अंगणवाडीच्या सेविका शालूबाई. त्यांनी एकदा प्रांजलचे वजन केले, उंची घेतली, मग तिच्यापुढे रंगीत मणी मांडले. "लाल मणी दे गं बाळा." प्रांजलने मण्यांकडे पाहिले, शालूबाईंकडे पाहिले, आणि अंगठा तोंडात घातला. शेजारची तिच्याहून लहान पोरगी मधेच ओरडली, "ह्यो लाल!" शालूबाईंनी प्रांजलला आणि हरणाबाईला आरोग्य केंद्रात नेले. डॉक्टरीणबाईंनी कान तपासले, कान चांगले निघाले. रक्त तपासले, ते फार कमी निघाले. रक्तवाढीचे औषध मिळाले, आणि परतीच्या वाटेवर शालूबाई हरणाबाईशी बोलल्या.

"मावशी, अंग मागनं बी भरतं. डोक्याचं तसं न्हाई. पाच वर्साच्या आत मेंदू जवळजवळ मोठ्या माणसाएवढा हुतो. त्यो वाढतो तवाच त्याला खुराक लागतो. अंडं, दूध, डाळ, पालेभाजी. आन् कुणीतरी सारखं बोलाय लागतं पोराशी. नुसतं खाऊन भागत न्हाई, नुसतं बोलून बी भागत न्हाई."

"आन् न्हाई मिळालं तर?"

"तर पोरगी साळंत बसंल, पर साळा तिच्यात बसायची न्हाई."

हरणाबाई वाटेतच थांबली. लिंबाचा पाला हातात घेऊन हसत येणारा सिद्धू तिला समोर दिसला. इतक्या वर्षांची गाठ एका वाक्यात सुटली. देवाने अर्धे माणूस पाठवले नव्हते. देवाने अख्खेच पाठवले होते. अर्धे त्याला आपण केले.

"मग हिचं? गेलं का सगळं?"

"छे! लय भरून येतं अजून. पर आजपासनं लागा. उद्यावर टाकू नगा."

त्या संध्याकाळी हरणाबाईने बिरोबापुढे भंडारा वाहिला आणि नवस बोलली. बकऱ्याचा नाही, नारळाचा नाही. म्हणाली, देवा, रोज सकाळी एक अंडं आणि वाटीभर दूध ह्या पोरीच्या पोटात जाईल. त्यात खंड पडला तर मला विचार. कथा-कीर्तनात नवसाचे पुष्कळ प्रकार ऐकायला मिळतात. पण देवाला काही न देता लेकराला द्यायचा हा नवस ऐकून बिरोबा गालात हसला असेल, असे वाटते.

सोनियाने ऐकले आणि फोनवरच रडली. पंधरवड्याला तानाजी मोटरसायकलच्या मागे अंड्यांचा ट्रे बांधून आणू लागला. दारात शेळी होती, दूध घरचेच. हरणाबाईला मात्र दिवस उगवताना डाळिंबाच्या बागेत कामाला जावे लागे, तेव्हा पोरगी झोपेत असे. ती जाताना अंडे उकडून, दूध तापवून बुट्टीखाली झाकून ठेवी. कोंडीबाचा गुडघा निकामी झाल्यापासून तो घरीच असे. त्याला ती बजावून सांगे, "उठली की खायाला घाला. मग अंगणवाडीत सोडा. तिथली खिचडी बी खाऊ द्या. आन् जरा बोलत जावा तिच्याशी, आवं, नुसतं मेंढराशी बोलू नगा."

"व्हय गं बाई, व्हय. पोरगी माझी न्हाई का?"

ते मेंढरू म्हणजे हैबती. माडग्याळी जातीचा नर, पोपटाच्या चोचीसारखे नाक, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके. कळप केव्हाच विकला गेला होता. उरला होता हा एकटा. कोंडीबाने त्याला कोकरू असल्यापासून वाढवले होते. त्याला रोज आंघोळ, केसांना तेल, गळ्यात रंगीत गोंडे. तालुक्याच्या प्रदर्शनात हैबती पहिला यावा, एवढीच त्या म्हाताऱ्याची इच्छा उरली होती.

संध्याकाळी हरणाबाई परत येई. चुलीच्या राखेत अंड्याचे टरफल दिसे, वाटी रिकामी दिसे. तिचा जीव शांत होई. दिवसभराच्या काट्यांनी ओरबाडलेले हात ती प्रांजलच्या केसांतून फिरवी, आकाशातले, अंगणातले, जे दिसेल त्याचे नाव तिला सांगे, आणि वाट पाही. ऊन उतरले, थंडी आली. हैबतीचे अंग चमकू लागले. पोरीचे वजन हलले नाही. शब्द वाढले नाहीत.

फोनवर सोनियाचा आवाज बदलू लागला. "आत्या, अंडी पोचत्यात न्हवं? न्हाई, इचारलं आपलं. ह्ये म्हणत हुतं, आईचा हात सढळ हाय, शेजारीपाजारी देत आसंल." हरणाबाईच्या काळजात सुरी गेली. घरात तर टरफल दिसते. मग खोट कुठे? खोट बाहेर असली पाहिजे. आणि दुसऱ्या दिवशी काम बुडवून ती अंगणवाडीच्या दारात जाऊन उभी राहिली. लेकरांच्या आया जमल्या होत्या. त्यांच्यासमोर तिने तोंड सोडले.

"शालूबाई, लेकरांची डाळ कुठं जाती गं? माझी पोर काडीवानी ऱ्हायली आन् तू मेंदू सांगती व्हय मला? घरला नेतीस का पातेलं?"

शालूबाईंचा चेहरा पांढरा पडला. "मावशी, तुमची प्रांजल हितं जेवतच न्हाई. आजोबा डबा घेऊन येत्यात. म्हणत्यात, पोर हितं बुजती, घरला निवांत खाती. मी डबा भरून देते. रोज."

हरणाबाई घरी आली. कोंडीबा हैबतीच्या खुरांना तेल लावत होता. "डबा घरला का आणता?"

"आगं, तिथं कलकल लय. बुजती ती. हितं माझ्याजवळ बसून खाती की."

"खाती? खरं सांगा."

कोंडीबाने देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची चिमूट उचलली आणि कपाळाला लावली. "बिरोबाची आण. पोटभर खाती."

भंडारा कपाळाला लागला की धनगराच्या घरात पुढचा प्रश्न उरत नाही. हरणाबाईनेही विचारला नाही. प्रांजल भिंतीला टेकून उभी होती. आजोबांकडे पाहत होती, मग आजीकडे, मग हैबतीकडे. तिला सगळे ठाऊक होते. पण अहो, ज्या घासातून वाचेला बळ यायचे तोच घास गेला होता; आणि वाचा नव्हती म्हणून गेलेला घास सांगता येत नव्हता. लेकराच्या साक्षीला जीभ नव्हती, आणि ज्याला जीभ होती त्याने देवाला खोट्यात ओढले होते.

प्रदर्शनाचा दिवस उजाडला. मैदानात मांडव, कर्णे, गुलाल. हैबती पहिला आला. कोंडीबाला फेटा बांधला, हार घातला. ढोल वाजू लागला आणि गुडघ्याचे दुखणे विसरून म्हातारा दोन पावले नाचला. हरणाबाई प्रांजलला काखेत घेऊन, दुसऱ्या हातात आरतीचे ताट धरून उभी होती. हैबतीला ओवाळायचे होते. तिचा ऊर भरून आला होता. चाळीस वर्षांत नवऱ्याला असा हसताना तिने क्वचितच पाहिला होता. एवढ्यात मोबाईलवर चित्रीकरण करणारा एकजण पुढे सरकला. असे व्हिडिओ लोक आवडीने बघतात.

"आप्पा, हिकडं बघा. आता खरं सांगा, हैबतीचा खुराक काय?"

कोंडीबाची छाती फुगली. "सकाळच्याला शेळीचं दूध. त्यात उकडलेलं अंडं कुस्करायचं, भरड्यात मळायचं, गोळं करून चारायचं. दुपारच्याला अंगणवाडीची खिचडी. लय आवडती ह्याला."

लोक हसले. मागून कुणीतरी खडा टाकला, "म्हंजी नातीच्या वाटणीचं हाणतोय म्हणा की गडी!"

"मग! पाठचा भाऊच हाय त्यो तिचा."

"आन् नात तक्रार करत न्हाई व्हय?"

"ती काय तक्रार करती गड्या," कोंडीबा हसत म्हणाला, "तिला बोलाया कुठं येतंय!"

हशा उसळला. ढोल पुन्हा वाजला. हरणाबाईच्या हातातल्या ताटात दिवा जळत होता, तो तिने फुंकला. ताट शेजारच्या बाईच्या हातात दिले. पोरीला काखेत सावरले आणि ती मांडवाबाहेर पडली. कोंडीबाने हाक मारली, "आगं हरणे, ओवाळायचं ऱ्हायलं की!" तिने मागे पाहिले नाही. एसटीत बसल्यावर प्रांजलने आजीच्या गालावरचे पाणी बोटाने पुसले आणि ते बोट चोखले.

कोंडीबा हैबतीला टेम्पोतून घेऊन आला, तेव्हा ती ओसरीवर बसली होती.

"कवापासनं?"

त्याला कळले. फेटा उतरवून तो खाली बसला. "पयल्यांदा उरलेलं दिलं. पोरगी निम्मं टाकायची. हैबतीच्या अंगावर तेज दिसाया लागलं. मग हात थांबंना."

"टरफलं चुलीत कशापायी टाकत हुता?"

तो फेट्याच्या घड्या घालू लागला.

"भंडारा उचलला तुमी. देवाची आण घेतली."

"देवाला बोललोय मी. हैबती इकला की चांदीचे डोळे वाहीन. दंड भरीन."

"चांदीचे डोळे! देवाला दिसत न्हाई आसं वाटलं व्हय तुमाला?"

"आगं पोरीसाठीच की ह्ये सगळं! ईल त्यो पैका तिच्याच नावावर ठिवणार हाय. शिकंल, मोठी हुईल..."

"शिकाया डोकं कुठनं आणणार? बाजारातनं?"

मग कोंडीबाने शेवटचे शस्त्र काढले. "जितराब आधी, माणूस मागनं. तूच म्हणत आलीस जल्मभर. आता मला का पिंजऱ्यात हुबा करतीस?"

 त्याचे म्हणणे खोटे नव्हते, आणि म्हणूनच ते हरणाबाईला सर्वांत जास्त लागले. ती हळू आवाजात म्हणाली, "म्या माझ्या भुकंचं म्हणत हुते. जाणत्या माणसानं आपली भूक मागं ठिवायची. लेकराची न्हाई. माझ्या आयला ठावं न्हवतं. मला बी ठावं न्हवतं. पर तुमाला मी सांगितलं हुतं. शालूबाईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं हुतं. आन् सिद्धूला खांद्यावर कुणी वागवला? तुमाला ठावं हुतं. सारं ठावं हुतं."

कोंडीबाने मान खाली घातली. तो रडला. ती नाही.

सकाळी ती प्रांजलला घेऊन अंगणवाडीच्या दारात गेली. त्याच आया, तेच दार. ती खालच्या आवाजात काही म्हणू लागली, तेव्हा शालूबाईंनी हात वर केला. "मावशी, त्या दिवशी मोठ्यानं बोललासा. आज बी मोठ्यानं बोला." तर ती मोठ्याने बोलली. चोर माझ्या घरात होता आणि आळ मी तुझ्यावर घातला, असे सगळ्यांच्या देखत म्हणाली. शालूबाई तिच्या गळ्यात पडल्या नाहीत; जखम इतक्या लवकर भरत नाही. त्यांनी फक्त प्रांजलला पुढे ओढले, तिच्यासमोर खिचडीची ताटली ठेवली आणि म्हणाल्या, "हितं बसून खायाचं. माझ्याम्होरं."

सोनियाला तो व्हिडिओ मोबाईलवर आधीच दिसला होता. ती आणि तानाजी त्याच आठवड्यात आले. तानाजी बापाशी एक शब्द बोलला नाही. सोनियाने लेकीचे कपडे पिशवीत भरले. भरता भरता म्हणाली, "आत्या, मी तुमच्या भरवशावर ठेवली हुती. आजोबांच्या न्हाई." हरणाबाईने स्वतःची बाजू मांडली नाही. बाजू होती, पण आपल्या भरवशाला जसा तडा गेला तसा सोनियाच्याही भरवशाला गेला होता, आणि तडे दाखवून तडे बुजत नाहीत. तिने आत जाऊन आपली दोन लुगडी घेतली.

"मी येते. तुमच्या पाळ्या सुरू आसत्यात. पोरीला सकाळी कुणीतरी लागतं."

सोनियाने तिच्याकडे पाहिले. मग पिशवीत लुगड्यांना जागा केली.

कोंडीबा दाराशी आला. "ह्या वयात घर सोडतीस? आन् मला भाकरी कोण घालणार?"

"हैबतीला इचारा," हरणाबाई म्हणाली. "जितराब आधी."

कुपवाडच्या त्या पत्र्याच्या खोलीत धड उजेड येत नाही, अंगण नाही, माळ नाही. कारखान्यांचा भोंगा झाला की गल्लीतून मोटरसायकली सुटतात. हरणाबाई प्रांजलला मांडीवर बसवून त्यांचे रंग सांगते: काळी, लाल, निळी. जवळच्या अंगणवाडीत ती स्वतः सोडते, स्वतः आणते. रक्तवाढीचे औषध चुकत नाही. पोरीच्या गालावर थोडे मांस चढले आहे. लाल मणी ओळखते. हिरवा अजून चुकतो. किती भरून येईल ते त्या बिरोबालाच ठाऊक, आणि त्याला विचारायचे धाडस हरणाबाईला अजून होत नाही. कोंडीबाचा फोन येतो. हैबती विकला म्हणाला. तिने ऐकले आणि फोन सोनियाकडे दिला.

परवा सकाळची गोष्ट. हरणाबाईने अंडे सोलले, मिठाची चिमूट लावली आणि प्रांजलच्या तोंडाजवळ नेले. रोज असेच होई: पोरगी ओठ मिटून घेई, दाराकडे पाही, बराच वेळ थांबे, आणि मग एकदम खाई. हरणाबाईला वाटे, लाड आहेत. त्या दिवशीही तिने ओठ मिटले, दाराकडे पाहिले. आणि मग तिच्या आयुष्यातले पहिले अख्खे वाक्य तिच्या तोंडातून बाहेर पडले. स्पष्ट, विचारपूस करणाऱ्या मोठ्या माणसासारखे.

"आजी, हैबती जेवला?"

हरणाबाईचा हात तसाच हवेत राहिला. किती सकाळी हे लेकरू असे ताटासमोर बसून, कुणाचे तरी पोट भरायची वाट पाहत थांबले असेल? नियम तिला कुणी शिकवला नव्हता. तिने तो उपाशी पोटी, डोळ्यांनी शिकून घेतला होता.

"जेवला गं माझे बाई," हरणाबाई म्हणाली, आणि इतके दिवस अडवून धरलेले रडू तेव्हा फुटले. "लय जेवला त्यो. पोट फुटोस्तर जेवला. आता तू खा. आधी तू खा."

प्रांजलने एकदा दाराकडे पाहून खात्री केली, आणि तोंड उघडले.